उघाडी पडली

माझा परिचय मला व्हॉट्सॲपवर आला. पेणच्या एका शिक्षणसंस्थेला माझा सत्कार करायचा आहे, आणि सत्काराआधी वाचायचा परिचय तिथल्या प्राध्यापकांनी मला तपासायला पाठवला होता. शीर्षक होतं, ‘मिठागरातून मायक्रोप्रोसेसरकडे’. इथेच माझं डोकं निम्मं फिरलं. आमचं मिठागर कधीच नव्हतं. मिठागरं शेजारच्या गावात होती, आमची भाताची खाचरं. पण प्राध्यापकांना अनुप्रास जुळवायचा होता, त्यामुळे मी मिठागरात जन्मले. पुढे मी ‘प्रतिकूलतेवर मात’ केली होती आणि एका ठिकाणी तर ‘गगनभरारी’सुद्धा घेतली होती. रोह्याच्या माझ्या स्वयंपाकघरात उलथनं हातात धरून मी हे वाचत होते आणि तव्यावर घावन करपत होतं.

तिथपर्यंत ठीक होतं. सत्कार म्हटला की एवढी रंगरंगोटी चालायचीच. पण दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: ‘धाटावच्या कारखान्यात एका कामगाराच्या चुकीमुळे झालेल्या अपघातानंतर त्यांनी मराठी पडद्यांची प्रणाली विकसित केली.’ ते मी तीनदा वाचलं आणि गॅस बंद केला. तळपायाची आग मस्तकात गेली.

प्राध्यापकांना फोन लावला आणि हे कुठून आणलंत म्हणून विचारलं. ते म्हणाले, कंपनीच्या जुन्या अहवालात तसंच आहे, आणि तुम्ही निवृत्त झालात तेव्हाच्या पुस्तिकेतही तेच छापलंय, मॅडम. मी म्हटलं, ते खोटं आहे. ते अगदी नम्रपणे म्हणाले की कार्यक्रम सकारात्मक ठेवायचा आहे, तेव्हा ते वाक्य आपण गाळून टाकू. भातातला खडा बाजूला काढावा तसं.

गाळायचं नाही, दुरुस्त करायचंय, असं मी सांगितलं. नाही तर मी येणार नाही. बरं, मग दुरुस्ती सांगा, असं ते म्हणाले. मी नंतर कळवते म्हणून फोन ठेवला. ती दुरुस्ती माझ्याकडे पंचवीस वर्षांहून जास्त काळ पडून होती, आणि ज्या माणसाला ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्यालाच मी ती सांगितलेली नव्हती. तो माणूस अजून आहे. पेणच्या पलीकडे खारेपाटात, माझ्या माहेरच्या गावाच्या शेजारच्या गावात राहतो. त्या दिवशी आपल्या तोंडून चुकीचा शब्द गेला की बरोबर, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं.

इथे मी कुणाचंच नाव घेणार नाही, त्याचंही नाही आणि कंपनीचंही नाही. त्यामुळे कुणी माझ्यावर वकील सोडायची तसदी घेऊ नये.

सिस्टिम्स इंजिनिअर म्हणजे नेमकं काय, हे मला जन्मभर विचारलं गेलंय. सासरच्यांना वाटायचं मी टीव्ही दुरुस्त करते. एका नणंदेने मिक्सर आणून पुढ्यात ठेवला होता. आईला मात्र मी एका वाक्यात समजावलं होतं. म्हटलं, बाबा जे करायचे तेच मी करते, फक्त पगारावर.

माझे वडील गावची उघाडी राखायचे. खारेपाटातली शेतं भरतीच्या पाण्याहून खोल असतात. भोवती मातीचा बांध असतो आणि बांधात पाण्याला जायला एक दार. ती उघाडी. दाराच्या बाहेरच्या अंगाला, खाडीकडे, एक लाकडी झडप वरून टांगलेली. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला आत रेटतं, झडप चौकटीवर घट्ट बसते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तीच झडप बाहेर ढकलतं आणि खाडीला जातं. हात लावायला कुणी नको. तरी वडील भरती-ओहोटीला जाऊन बघून यायचे. एखादी फांदी मध्ये अडकली की झडप पुरती बसत नाही, आणि मग खारं पाणी आत येऊन खाचर दोन-तीन वर्षं हातचं जातं.

भरतीला जाऊन आले की आईला एवढंच सांगायचे, उघाडी पडली. म्हणजे झडप पडली, दार लागलं, आता जेवायला वाढ. ओहोटीला सांगायचे, उघाडी उठली. पडली म्हणजे बंद, उठली म्हणजे उघडी. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेरच्या माणसाला मात्र उलटंच कळतं, कारण शहरातल्या मराठीत ‘उघडी पडली’ म्हणजे सताड उघडी. दोन्हींत फरक एका कान्याचा.

पुढे कॉलेजात फीडबॅक नावाचा धडा आला तेव्हा वर्गातली पोरं डोकं खाजवत होती आणि मला त्यात नवीन काहीच दिसेना. दार आपणहून लागतं ही अर्धी सिस्टिम. ते खरंच लागलं का, हे जाऊन बघणारा माणूस ही उरलेली अर्धी. हे मी न शिकता शिकले होते, आणि नेमकं तेच पुढे विसरले.

शिकून धाटावला नोकरीला लागले तेव्हा त्या कंट्रोल रूममध्ये बाई कुणी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी शिफ्टच्या साहेबाने मला दोन पत्रं टाईप करायला दिली. मी ती केली, सही करायला नेऊन दिली आणि विचारलं, आता मी माझं काम करू का? बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जायला सात मिनिटं लागायची, यायला सात, आणि परत आले की कुणीतरी घड्याळाकडे बघायचं. हे परिचयात नाही. ‘प्रतिकूलता’ या एका शब्दात ते सगळं बसवलंय.

तेव्हा भिंतभर गोल काटे होते आणि कागदावर शाईने रेघा ओढणारी यंत्रं. ते काढून सगळा प्लांट कॉम्प्युटरवर आणायचा, ही कल्पना माझी. आजूबाजूच्या कारखान्यांत तसं कुणी केलेलं नव्हतं. मॅनेजरसाहेब आधी हसले. मग मुंबईहून आलेल्या कुणी मोठ्या माणसाने त्यांना सांगितलं की हे पुढे सगळीकडे होणार आहे, तेव्हा ती कल्पना त्यांची झाली. मला त्याचंही काही वाटलं नाही. मला काम हवं होतं.

दीड वर्ष मी ऑपरेटरांच्या मागे मागे फिरले. कोण कुठला पाइप हात लावून बघतो, कोण कुठल्या आवाजाला मान वळवतो, सगळं वहीत लिहिलं. त्या माणसांमुळे मी इंजिनिअर झाले, पुस्तकांमुळे नाही. त्यांत हा एक होता, वर सांगितला तो माणूस. आमच्याच बाजूचा, वयाने माझ्याहून थोडा मोठा. पंपाच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि पंप कधी बसणार ते सांगायचा. बसायचा पंप त्याच सुमारास. कंट्रोल रूममध्ये मला मॅडम म्हणायचा आणि बाहेर बसथांब्यावर, ‘गो, आज पेणची गाडी हाय का नाय?’

कॉम्प्युटर बसल्यावर ऑपरेटरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कँटीनमध्ये फळा लावला. रोह्याकडचे शेतकरी, आमच्याकडचे खारेपाटवाले, सगळे शिफ्ट सुटल्यावर पेंगत बसलेले. मी इंग्रजीतले शब्द बोलायला लागले तसे ते आणखी पेंगायला लागले. शेवटी मी फळा पुसला आणि बांध काढला, त्यात दार काढलं, झडप काढली. म्हटलं, रिॲक्टरच्या थंड पाण्याचा हा जो मोठा व्हॉल्व्ह आहे ना, ती ही उघाडी समजा. सगळी कँटीन जागी झाली. तिसऱ्या बाकावरून हा म्हणाला, मग आधीच सांगायचं की. त्या दिवसापासून सगळ्या शिफ्टमध्ये त्या व्हॉल्व्हचं नाव उघाडी पडलं. भाताची खाचरं डोंगराच्या पायथ्याला असलेली रोह्याकडची माणसंसुद्धा उघाडी पडली, उघाडी उठली म्हणायला लागली.

साहेब लोकांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मी इंग्रजीत जाडजूड मॅन्युअल लिहिलं. त्यात मी तो शब्द आधी घातला होता आणि मग स्वतःच खोडला. कुणी सांगितलं नव्हतं खोडायला. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर वाचतील आणि हसतील, एवढंच माझ्या मनात होतं. तेव्हा मी बोलताना नाय आणि हाय गिळायला शिकले होते. कुणी गाव विचारलं तर पेण म्हणायचे, पुढचं सांगायचेच नाही. आज त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते मला.

आणि आणखी एक. पडद्यावर व्हॉल्व्ह उघडा दिसायचा तो आपण त्याला उघड म्हणून हुकूम दिला म्हणून. खरंच उघडला का, हे सांगणारे स्विच प्रत्येक व्हॉल्व्हवर बसवायचे मी आराखड्यात दाखवले होते. मॅनेजरसाहेबांनी ते पुढच्या टप्प्यात ढकलले. मी दोनदा कुरकुर केली आणि तिसऱ्यांदा सही केली. म्हणजे दार आपणहून लागतं की नाही ते जाऊन बघणारा माणूस मी माझ्याच सिस्टिममधून काढून टाकला. उघाडी राखणाऱ्याच्या मुलीने.

अपघात दुसऱ्या शिफ्टमध्ये झाला, चारच्या सुमारास. रिॲक्टर तापायला लागला. कंट्रोल रूममध्ये पुण्याहून आलेला नवा इंजिनिअर होता, जेमतेम तीन महिने झालेले. पडद्यावर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा दिसत होता. प्लांटमध्ये ड्युटी याची होती. याने जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या हवेचा दाब गेल्यामुळे तो पूर्ण बंद पडलेला. तिथल्या फोनवरून याने कळवलं, उघाडी पडली. इंजिनिअरने ऐकलं, उघडी पडली. पडदाही तेच सांगत होता. मग तापमान मोजणारा सेन्सरच बिघडला असणार, असं समजून तो बसून राहिला.

कंट्रोल रूममधून काहीच होत नाही म्हटल्यावर याने वाट पाहिली नाही. मचाणावर चढला आणि मोठं चाक हाताने फिरवून व्हॉल्व्ह उघडला. पाणी सुरू झालं, रिॲक्टर वाचला, आत बाहेर असलेली पंधरा-वीस माणसं वाचली. पण तोवर बाजूच्या जोडावरचं गॅस्केट फुटलं होतं आणि उकळता माल याच्या उजव्या हातावर आला. खांद्यापासून बोटांपर्यंत.

चौकशी सुरू झाली तेव्हा हा हॉस्पिटलमध्ये होता. जबाब टाईप करूनच नेला होता म्हणे. याने डाव्या हाताने सही केली. नंतर चौकशीच्या खोलीत त्या नव्या इंजिनिअरने सांगितलं, त्याचे शब्द होते ‘उघडी पडली’. लॉगबुकातही त्याने वेळेसकट तेच लिहिलं होतं. समितीतल्या तिघांनी माना डोलावल्या. कामगाराने बंद व्हॉल्व्ह उघडा असल्याचं सांगितलं. झालं काम.

मी त्याच टेबलाशी बसले होते. तो शब्द कानावर पडला आणि मला त्याच क्षणी कळलं. हा पडली म्हणाला होता. उघडा आहे असं सांगायचं असतं तर आमच्याकडचा माणूस उठली म्हणाला असता, मेला तरी पडली म्हणाला नसता. त्या खोलीत हे कळणारी मी एकटी होते. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, सिस्टिममध्ये काही दोष होता का?

मी म्हणाले, “सिस्टिम जशी बांधली होती तशीच चालली.”

हे वाक्य खरं आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही. त्यानेच मी वाचले, मॅनेजरसाहेब वाचले, कंपनी वाचली. खापर फोडायला एक डोकं हवं होतं, ते हॉस्पिटलमध्ये पडलेलं होतं. बरा होऊन आल्यावर त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. त्यात ‘स्वखुशीने’ असा शब्द होता.

त्यानंतर मला सगळं मिळालं. स्विच एका महिन्यात बसले; पुढचा टप्पा अचानक आलाच. आणि मी पडद्यावरचे इंग्रजी शब्द काढून मराठी घातले: ‘वाहतंय’ आणि ‘थांबलंय’. फोनवर तेच दोन शब्द वापरायचे, दुसरा कुठलाही नाही, असा नियम केला. कितीही खरखर असली तरी हे दोन शब्द एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. नागोठण्याच्या बाजूचे, महाडचे, पार गुजरातेतले कारखाने ते बघायला आले. मी भाषणं दिली, मानचिन्हं घेतली. प्रत्येक भाषणात एक पान अपघाताचं असायचं आणि त्यावर ‘मानवी चूक’ लिहिलेलं असायचं. मी ते वाचून दाखवायचे. प्राध्यापकांवर मी उगाच भडकले. त्यांनी ते वाक्य माझ्याच तोंडचं घेतलं होतं.

मधल्या काळात तो मला एकदा दिसला. गणपतीच्या दोन महिने आधी, पेणला, मूर्तींच्या एका कारखान्याबाहेर. प्लास्टरची पोती टेम्पोतून उतरवत होता, डाव्या खांद्यावर घेऊन. अंग सगळं पांढरं झालेलं. मी रस्ता बदलला. पोहे-पापडाच्या दुकानात शिरले आणि नको असलेले दोन किलो पोहे घेऊन बाहेर आले.

तर प्राध्यापकांच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी मी रोह्याहून गाडीने पेणला आले आणि मिनीडोर रिक्षाने त्याच्या गावी गेले. परिचयाचे कागद छापून पर्समध्ये घेतले होते. आता तुम्ही का आलात, असं त्याने विचारलं तर काय सांगायचं, हे वाटेत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. तो ओट्यावर मासे धरायचा पाग विणत बसला होता, डाव्या हाताने. मला बघून उठला, मॅडम या म्हणाला. वहिनींनी खुर्ची आणली. मला त्या खुर्चीचा राग आला. मी ओट्यावर बसले.

आधी कागद दिला. त्याने चष्मा लावला आणि ते वाक्य बोट ठेवून वाचलं.

“बरोबर लिवलंय की,” तो म्हणाला. “माझीच चूक व्हती. त्या फोनवर मी पडली बोललो का उठली बोललो, मना अजून नीट आठवत नाय.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की सुरुवातीची कितीतरी वर्षं हा बसल्या जागी दोन्ही शब्द पुटपुटायचा, एकापाठोपाठ एक, कुठला तोंडाला आधी येतो ते बघायला. समितीने त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की तू उघडा म्हणालास, की त्यालाच शंका यायला लागली होती. घाईत जीभ वळली असेल. आपल्यामुळे माणसं मेली असती, असं तो मुलांना सांगायचा. पंधरा-वीस माणसं वाचवणारा माणूस.

मी गिळलेली माझी बोली आपोआप तोंडात आली. म्हटलं, “दादा, तू पडलीच बोललास. त्यानं लॉगबुकात लिवून ठेवलंय. तू बरोबर बोललास, ऐकणारा चुकला. आन मी चुकले.” मग मी बाकीचं सगळं सांगितलं, कँटीनमधल्या फळ्यापासून मॅन्युअलमधून खोडलेल्या शब्दापर्यंत, आणि चौकशीतलं माझं वाक्य जसंच्या तसं.

त्याने पाग खाली ठेवला.

“कवापास्नं ठाव हाय तुला?”

“त्याच दिवसापास्नं.”

“मंग बोलली का नाय?”

उत्तर होतं, पण ते उत्तर म्हणून सांगण्याच्या लायकीचं नव्हतं. नोकरी जाईल अशी भीती होती. पहिलीच बाई, तिचीच सिस्टिम, तीच फसली असं झालं असतं. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या हाताकडे बघून सांगता येत नव्हतं. आतून कपबशांचा आवाज आला तसं त्याने मान वळवून वहिनींना सांगितलं, चाय नको ठेवू. ती पाव्हणी नाय. आमच्याकडे दारात आलेल्या वसुली अधिकाऱ्यालाही चहा मिळतो. मला तो मिळाला नाही, आणि बरं झालं. तो मिळाला असता तर मी पिऊन, डोळे पुसून, हलकी होऊन परत गेले असते.

मग तो उठला. भरतीची वेळ झाली होती. गावची उघाडी हल्ली तोच बघतो, कुणी नेमलेलं नाही तरी. चल, एवढंच म्हणाला आणि पुढे निघाला. मी चपला हातात घेऊन बांधावरून त्याच्या मागे गेले. झडप आता लोखंडी आहे, बाकी सगळं तेच. खाडीचं पाणी चढत होतं. पाण्याने झडप हळूहळू रेटली आणि ती धप्पकन चौकटीवर बसली. कडेने वाहणारं पाणी थांबलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“उघाडी पडली.”

“म्हंजे काय?”

“बंद झाली.”

“लिव तसं,” तो म्हणाला. “माझं नाव घाल आन लिव.”

मी बांधावर बसले. परिचयाचा कागद उलटा करून गुडघ्यावर धरला. त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनाव, गाव, कारखान्यातला हुद्दा. सावकाश, सही करताना सांगतात तसं. मी लिहिलं. त्याखाली लिहिलं की व्हॉल्व्ह बंद पडल्याचं यांनी वेळेवर आणि बरोबर कळवलं, दोष प्रणालीत होता आणि प्रणाली मी बांधली होती, आणि चौकशीत मी हे लपवलं. सत्काराच्या दिवशी परिचयाच्या जागी हेच वाचायचं. वाचणार नसतील तर मीच माइक घेऊन वाचणार. शेवटी अवतरणात त्याचे शब्द घातले आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो सगळा वाचला, पुन्हा बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मी डोकावले. इतक्या वर्षांची सवय. माझ्या हाताने आपोआप लिहिलं होतं, ‘उघडी पडली’.

“काना ऱ्हायला,” तो म्हणाला.

माझ्या हातातलं पेन त्याने घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं त्याला अजून वळवता येत नाहीत. त्या दोन ताठ बोटांच्या फटीत पेन अडकवून, डाव्या हाताने कागद दाबून, त्याने घ-ला काना दिला.